थकीत आंबा

कर्जाचा हप्ता ९० दिवस आला नाही, की बँकेत ते खातं अनुत्पादक धरतात. कर्जदार कितीही गोडबोल्या असो, त्याच्याकडे तुम्ही कितीही वेळा चहा प्यालेले असा, एक्याण्णवावा दिवस उजाडला की खात्याची पाटी बदलते. आधी अवमानक, मग संशयित, शेवटी बुडीत. मी ३६ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची काही अंतर्गत तपासणीत. तेव्हा दारातल्या हापूसकडे मी कुठल्या नजरेनं बघत असेन ते समजून घ्या. त्यानं ११ वर्षांत एक हप्ता भरला नव्हता. व्याज म्हणून एखादी कैरीसुद्धा नाही.

बागेचा विचार खरं तर माझ्या डोक्यात नव्हता. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झाल्यावर कुणीतरी विचारलं, "आता पुढं काय, साहेब?" या प्रश्नाला पुण्यात तीनच उत्तरं चालतात: ज्येष्ठ नागरिक संघ, मुलाकडे अमेरिका किंवा बाग. पहिल्याला माझं वय कमी पडत होतं. दुसऱ्याला मुलगा कमी पडत होता, तो चिंचवडला असतो. म्हणून मी "बाग" म्हणालो. टाळ्या पडल्या. टाळ्या पडलेली गोष्ट माघारी घेता येत नाही.

आमचं घर बांधलं तेव्हा ते पुण्याबाहेर होतं. आता पुणंच आमच्या पुढं निघून गेलंय. घर वजा जाता सव्वा गुंठा जागा मोकळी राहते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आंब्याच्या दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवा, असं शेतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. म्हणजे एका आंब्यालाच शास्त्राप्रमाणे जवळजवळ गुंठा लागतो. उरलेल्या पाव गुंठ्यात मी पेरू, चिकू, सीताफळ, अंजीर, डाळिंब, लिंबू आणि तीन पपया लावल्या. रोपवाटिकेत ही सगळी मंडळी हातभर उंचीची, काळ्या पिशवीत शहाण्यासारखी उभी असतात. पाळण्यातली पोरं बघून त्यांच्या लग्नाला केवढं कार्यालय लागेल याचा हिशेब कुणी करत नाही, तसंच हे.

रोपवाटिकावाला म्हणाला, "हापूसचं अस्सल कलम आहे. तीन वर्षांत फळ. नाही आलं तर येऊन मला सांगा." चौथ्या वर्षी मी सांगायला गेलो. तिथं मोबाइलचं दुकान होतं.

पहिल्याच उन्हाळ्यात कलमाचा शेंडा वाळला होता. मी घाबरलो, पण पंधरा दिवसांत खालच्या अंगाला चांगला अंगठ्याएवढा जोरकस फुटवा आला. हिनं त्याला दृष्ट काढल्यासारखं न्याहाळलं आणि म्हणाली, "बघा, कसं सावरलंय लेकरू!" कोकणातला एखादा जाणता माणूस हे वाक्य वाचून आत्ताच हसला असेल. त्यानं कृपा करून शेवटपर्यंत गप्प बसावं.

बाग लावली त्याच दिवशी मी निळ्या पुठ्ठ्याची लांब वही आणली. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. शेणखत, निंबोळी पेंड, गांडूळखत, माळ्याची मजुरी, नळी, नळीचं तोंड, नळीच्या तोंडाचं हरवलेलं वायसर. शिवाय धरलेल्या प्रत्येक फळावर मार्करनं नंबर. "पेरूला नंबर घालणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतेय," असं ही म्हणाली. पण नंबर नसलेलं फळ गहाळ झालं तर नोंद कशाच्या आधारावर करायची, याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं.

पेरूनं तिसऱ्या वर्षी धरलं. आमचा पेरू सरदार जातीचा. या जातीचं जुनं नाव लखनौ ४९, पण निवड झाली ती १९२७ साली आमच्या गणेशखिंडीच्या केंद्रात, डॉ. चीमा यांच्या हाताखाली. पुण्यात निवड होऊन बाहेरगावचं नाव मिरवलेलं पुण्यानं खपवून घेतलं, असं मला ठाऊक असलेलं हे एकच उदाहरण. फळ गोल, मोठं, गर पांढरा. हे वर्णन मी पुस्तकातून देतोय. आमच्या झाडाचा अख्खा पेरू बघायचा योग मला पुष्कळ उशिरा आला.

कारण पोपट. सकाळी पावणेसातला थवा येतो. एक पोपट एक पेरू घेऊन खाईल तर मी त्याला पाहुणा म्हणेन. तो तसं करत नाही. तो प्रत्येक पेरूला एक चोच मारतो आणि पुढं सरकतो. आम्ही तपासणीत दहा टक्के नमुना उचलायचो, पोपट शंभर टक्के तपासतो. आणि शेरा सगळ्यांवर एकच: नापास. दिवसपाळीला खार येते, ती पोपटानं टाकलेलं काम पुढं नेते. रात्रपाळीला वटवाघळं. आमच्या शाखेत एवढी उपस्थिती मी कधी पाहिली नाही.

यावर उपाय म्हणून मी पायमोजे वापरले. निवृत्तीनंतर काळ्या आणि निळ्या पायमोज्यांच्या २२ जोड्या कपाटात पडून होत्या. एकेका पेरूला एकेक मोजा चढवला आणि वर सुतळीनं बांधलं. चव्वेचाळीस पेरू बंदोबस्तात. आलेले पाहुणे म्हणायचे, "काय हो, दोरी तुटली का वाळत घालायची?" पावसाळ्यात मोजे भिजले, आत पेरू पिकले आणि त्या दोहोंचा मिळून एक वास सुटला. तो मला थेट पावसाळ्यातल्या लोकलमध्ये घेऊन गेला. नातीनं स्वच्छ सांगितलं, "आजोबा, मी पायमोज्यातलं काही खाणार नाही." एके रात्री कुणीतरी क्रमांक १७ मोज्यासकट नेला. पेरू गेल्याचं मला काही वाटलं नाही. पण जोडी फुटली.

मोज्यातून जे वाचले त्यांत अळ्या होत्या. फळमाशी. ती कधी येते, कधी टोचते, दिसत नाही. पेरू बाहेरून देखणा, आत वसतिगृह. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं यासाठी 'रक्षक सापळा' काढलाय. आत मिथिल युजेनॉलचा वास ठेवायचा, त्या वासावर माश्या येतात आणि पडतात. येतात त्या फक्त नर. मी सापळा टांगला आणि आठवड्यात त्यात शंभरएक नर जमले. आमच्या तुळशीतही तोच पदार्थ असतो म्हणे. त्यामुळे संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना आता मला तिच्याकडे थोड्या संशयानं बघावं लागतं. सापळ्याचा गुण आला, नाही असं नाही. मात्र ज्यांनी अंडी आधीच घालून ठेवली होती त्या बायका, नवरे गेल्याचं मनाला न लावून घेता, शेवटच्या पेरूपर्यंत कामाला होत्या.

मग माळी म्हणाला, "साहेब, तुमचा पेरू पावसाळ्यात घेऊच नका. बहार धरा." बहार धरणं हे फळबागेतलं खरं शास्त्र. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. झाडाला वाटेल तेव्हा फुलू द्यायचं नाही. आपल्याला हवा तो बहार धरायचा, बाकीचे सोडायचे. त्यासाठी झाडाला ताण द्यायचा, म्हणजे दीड-दोन महिने पाणी तोडायचं. पानं गळली की छाटणी, खत, मग पाणी, की झाड घाबरून फुलतं. मी वहीत तारखा लिहिल्या आणि नळी गुंडाळून माळ्यावर टाकली. तीन आठवडे झाले तरी पेरू हिरवागार. चौथ्या आठवड्यात रात्री साडेदहाला मी खिडकीतून पाहिलं, तर ही तांदळाच्या धुवणाचं पातेलं घेऊन अंधारात झाडापाशी. "अगं, ताण चाललाय त्याचा!" "चालू द्या तुमचा ताण. चैत्रात मुक्या जिवाचं पाणी तोडायचं म्हणजे माणूस आहात का कोण?" ताण पेरूला द्यायचा होता, तो मला आला. बहारही माझाच धरला, डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली.

चिकूबद्दल तक्रार नाही. तो देतो, मुकाट्यानं देतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. लिंबाची पानं फुलपाखराच्या अळ्या खातात. त्या लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि नातीच्या शाळेचा प्रकल्प नेमका त्यांच्यावर असल्यामुळे त्यांना आमच्या घरात संरक्षण आहे. अंजिराचं म्हणाल, तर पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते का मिळालं ते आमचं झाड बघितल्यावर कळतं. दिवे घाटाच्या वर अंजीर शहाण्यासारखा वागतो. घाट उतरला की नुसती पानं, त्या पानांवर तांबेरा.

सीताफळानं मला वेगळ्याच कामाला लावलं. झाडाला फुलं शेकडो, फळ एक नाही. वाचल्यावर कळलं, की सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. दोन्ही एकाच फुलात, पण वेळ जमत नाही. एक असतं तेव्हा दुसरं नसतं. (हे वाचून ही म्हणाली, "तुम्ही नोकरीत होतात तेव्हा आपलं असंच होतं.") निसर्गात हे काम बारीक भुंगेरे करतात. आमच्याकडचे भुंगेरे बहुधा पुण्याचेच असावेत, कारण दुपारी ते कुठंच दिसत नसत. तेव्हा पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग डबीत झाडून घ्यायचे आणि अर्धवट उघडलेल्या फुलांत कुंचल्यानं लावायचे. मी नातीच्या रंगपेटीतला चार नंबरचा कुंचला घेतला आणि सकाळी सकाळी लुंगीवर स्टुलावर चढून एकेका फुलाला दोन बोटांनी धरून आत कुंचला फिरवू लागलो. शेजारचे इंजिनिअर फिरायला निघाले होते. थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"रंगकाम?"

"नाही. लग्न लावतोय."

ते पुढं काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांच्या सूनबाई मला वाट सोडून चालतात.

१४ फळं धरली. ती डोळे उघडायला लागली आणि पांढऱ्या पिठ्या ढेकणांनी त्यांच्या खाचाखाचांत संसार थाटले. एक फळ मात्र पूर्ण निर्मळ निघालं. ते मी स्वतःच्या हातांनी वाढवलेलं, अक्षरशः फुलापासून. आम्ही ते बशीत घेऊन बसलो, दोघांत ४१ बिया निघाल्या. गर किती होता ते बियांमुळे नीट मोजता आलं नाही.

आता पपई. पपईची तीन रोपं लावताना कुणीही आपल्याला सांगत नाही, की पपईत नर आणि मादी ही झाडंच वेगळी असतात, आणि कोण कोण आहे हे फुलं आल्याशिवाय कळत नाही. सहा महिने खत-पाणी घालून तिन्ही झाडं माझ्या डोक्याबरोबर आणली, तेव्हा दोघांना लांब लोंबते तुरे आले. नर. इंजिनिअर म्हणाले, "खोडात लोखंडी खिळा मारा, मादी होते." इतका शिकलेला माणूस सांगतोय म्हणून मारला. झाड मादी झालं नाही, ते खिळा असलेला नर झालं. हिनं त्याला पिशवी अडकवली.

तिसरं झाड मादी निघालं. ती माझी चूक नव्हती, पण परिणाम मला भोगावे लागले. एका वर्षात ४३ पपया. पेरूच्या बाबतीत एक नाही म्हणून रडणारा मी, रोज सकाळी बाहेर यायला भिऊ लागलो. एक काढली की वर दोन फुगलेल्या. पहिल्या आठवड्यात आम्ही आवडीनं खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात पचनाला चांगली म्हणून खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात हिनं कच्च्या पपईची कोशिंबीर, पराठे आणि टुटी-फ्रुटी केली. चौथ्या आठवड्यात मी पिशवी घेऊन कॉलनीत निघालो.

फुकट फळ वाटायला निघालेल्या माणसाएवढा दुबळा माणूस जगात नाही. आंबा घेऊन गेलात तर लोक पाट मांडतात. पपई घेऊन गेलात तर दाराच्या जाळीतूनच बोलतात. पहिल्या घरी, "अय्या, पपई का? उष्ण पडते हो आमच्याकडे." दुसऱ्या घरी सूनबाईंना दिवस गेलेले, त्यामुळे पपई उंबऱ्याच्या आतसुद्धा नको. ही बातमी कॉलनीत आधी मला कळली, सासूबाईंच्या बहिणीला नंतर, आणि त्यावरून पुढं जे झालं त्यात मी पडत नाही. तिसऱ्या घरी वास आवडत नव्हता. चौथ्या घरातला दिवा मी फाटकाशी येताच विझला. पाचव्या घरी घेतली, पण बदल्यात दोन भोपळे दिले. त्यांच्या गच्चीवर वेल होता.

आणि त्याच पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली तेव्हा, ज्यांना मी कधी बघितलं नाही अशी माणसं रात्री अकराला बेल वाजवायची. "काका, पपईची पानं आहेत का?" मी म्हणायचो, "पानं घ्या, पण बरोबर एक पपई न्यावी लागेल." ते पानं ठेवून निघून जायचे.

बागेतला माल वाटायला गेलं तर कुणी घेत नाही, आणि राखायला गेलं तर कुणी सोडत नाही. पहाटे साडेपाचला आमच्या गल्लीतून जी ज्येष्ठ मंडळी फिरायला जातात, त्यांच्या एका हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात टोकाला आकडी बांधलेली काठी असते. काठी कुत्र्यांसाठी, असं सांगतात. कुत्र्यासाठी आकडी कशाला लागते? जास्वंद, तगर, प्राजक्त हे तर देवाचं म्हणून जातंच. देवाला वाहिलेलं फूल चोरीचं धरत नाहीत, असा एक सोयीचा नियम आपल्याकडे आहे. पण कुंपणाबाहेर गेलेल्या फांदीवरची डाळिंबंही देवाला लागतात, हे मला इथं कळलं.

यावरही माझ्याकडे शास्त्रीय उपाय होता. डाळिंबावर करपा आला म्हणून मी बोर्डो मिश्रण करायला शिकलो होतो: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. आमच्यासाठी अर्थात बादलीच्या हिशेबानं. याचा जन्म फार मजेचा आहे. फ्रान्समध्ये बोर्डोच्या बाजूला, रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे. म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडून ठेवायचे, विषारी दिसावं एवढ्याचसाठी. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की सगळीकडे केवडा रोग पडलाय आणि नेमक्या या निळ्या वेली धडधाकट आहेत. १८८५ मध्ये त्यानं ते औषध म्हणून जाहीर केलं. म्हणजे जगभर शेतकरी जे बुरशीनाशक मारतात ते मुळात चोरनाशक होतं. हे वाचून मी इतका खूश झालो, की कुंपणाकडची सगळी डाळिंबं निळीशार केली. दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकाबाहेर एक आजी उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारून विचारलं, "भाऊ, हे निळं धुतलं की जातं ना?"

फ्रेंच चोर भित्रे असावेत.

आंब्याकडे मी मुद्दाम उशिरा आलो. बुडीत खात्याची चर्चा बैठकीत शेवटी करायची असते.

११ वर्षांत तो चांगला वीस फूट वाढला होता. सावली दाट, पानं अशी की गुढीपाडव्याला, दसऱ्याला अख्ख्या कॉलनीची तोरणं आमच्याकडून. बारशी, मुंजी, वास्तुशांती, सगळ्यांचे टहाळे आमच्याकडून. फळ तेवढं नाही. गुहागरकडच्या माझ्या मावशीला फोनवर गाऱ्हाणं सांगितलं. ती नव्वदीची. म्हणाली, "मेल्याला दम दिलास का?"

"कुणाला?"

"आंब्याला रे. तिन्हीसांजेला एकानं कुऱ्हाड घेऊन जायचं. म्हणायचं, तोडतो तुला. दुसऱ्यानं मध्ये पडायचं. म्हणायचं, नको, राहू दे, यंदा धरील तो. झाड ऐकतं. आमच्या फणसानं ऐकलंन."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. म्हणून आम्ही दोन दिवस तालीम केली. कुऱ्हाड नव्हती, नारळ सोलायचा कोयता होता. दम मी द्यायचा, मध्यस्थी हिनं करायची. अमावास्येची संध्याकाळ. मी कोयता वर धरला आणि तोंड उघडलं, पण ३६ वर्षं ज्या भाषेत दम दिला तीच बाहेर आली. "आपणांस कळविण्यात येते की, वारंवार सूचना देऊनही आपण आजतागायत एकही फळ जमा केलेले नाही. सबब..."

"असं का बोलताय? त्याला कळेल असं बोला!" ही म्हणाली.

"तू मध्यस्थी कर. तुझं वाक्य आलंय."

"हां. अहो, नका तोडू. राहू द्या. बिचारं सावली देतं, पानं देतं." मग तिला सूर सापडला. "आणि फळ देत नाही म्हणून तोडायला लागलं तर या घरात कोण उरेल? सकाळी उठून पेपर वाचणारे, नळीचं वायसर शोधत दोन तास घालवणारे, एक गोष्ट वेळेवर..."

मध्यस्थी भलत्याच दिशेला चालली होती. तेवढ्यात भिंतीवरून इंजिनिअरांचं डोकं वर आलं. "परवानगी घेतलीत का? १९७५चा कायदा आहे. शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते."

"तोडत नाही. नुसता दम देतोय."

त्यांनी माझ्या हातातल्या कोयत्याकडे पाहिलं, लुंगीकडे पाहिलं. कुंचल्याची सकाळ त्यांना आठवली असणार. डोकं सावकाश खाली गेलं. मी रात्री तो कायदा काढून वाचला. त्यात झाड तोडायला बंदी आहे, दम द्यायला नाही. ११ वर्षांत एवढं एकच कलम माझ्या बाजूनं उभं राहिलं.

आणि जानेवारीत मोहोर आला!

अर्धं झाड तांबूस झालं. मी मावशीला फोन केला, ती म्हणाली, "सांगितलं नव्हतं?" यानंतरचे तीन महिने मी झाडाखाली खुर्ची टाकून काढले. आधी ढग आले आणि तुडतुडे पडले. मग भुरी आली, पांढरी पावडर. तरी फळं वाटाण्याएवढी झाली तेव्हा मी दोनशेपर्यंत मोजली. गोटीएवढी झाली तेव्हा ६०. सुपारीएवढी २२. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी वळीव आला, त्यानंतर चार. खारीला मी दोन दिल्या, म्हणजे तिनं घेतल्या. एक पडली. राहिला एक. क्रमांक १.

त्याला मी लग्नातला पायमोजा घातला. एका आंब्यासाठी दापोलीचा तो 'नूतन झेला' आणला, देठासकट, चीक न सांडता फळ उतरवायची. एका आंब्याची अढी घातली, त्यासाठी भाताचा पेंढा शोधत मुळशीकडे गेलो. पेंढ्यापेक्षा पेट्रोल महाग पडलं, नोंद वहीत आहे. अक्षय्य तृतीयेला मुलगा, सून, नात सगळे जमले. मुलगा म्हणाला, "बाबा, याला हापूस म्हणता येणार नाही. २०१८ला मानांकन मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. पुणे त्यात नाही." मी म्हटलं, "जन्मदाखला नसला म्हणून जात बदलते का?" आणि सुरी लावली.

सुरी अडकली. आत नुसते केस. फोड तोंडात घातली आणि नातीनं एक डोळा मिटला. हिनं चाखली, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अहो, हा रायवळ आहे."

माळ्याला बोलावलं. त्यानं खोडाशी बसून माती उकरली, बोटानं एक जुना वाळका खुंट दाखवला. "हे बघा साहेब, तुमचं कलम. हे पहिल्याच वर्षी मेलं. वरचं हापूस गेलं, खालची रायवळची कोय फुटली. ते फुटवे काढायचे असतात. तुम्ही तेच वाढवलं."

म्हणजे कर्जदार पहिल्याच उन्हाळ्यात पळाला होता. ११ वर्षं मी नोटिसा पाठवल्या त्या जामीनदाराला. आणि त्या बिचाऱ्यानं, सही केली नसताना, कोयत्याला भिऊन एक हप्ता भरला. तपासणी खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या हातून हे झालं. वहीत मी हापूसचं खातं बंद केलं आणि रायवळच्या नावानं नवं उघडलं, शिल्लक शून्यापासून. यंदा त्याला ३० कैऱ्या आल्यात. हिनं मेथांबा घातलाय, लोणचं घातलंय. तिच्या मते हापूसचं लोणचं बरं होत नाही, तेव्हा झालं ते ठीक झालं.

वहीतल्या बाकी बेरजा मी इथं देत नाही. पेरूचा दर मला मान्य करायचा नाही.

गेल्या गुरुवारी इंजिनिअर स्वतः फाटक उघडून आले. हातात कापडी पिशवी. म्हणाले, "गावाहून आलीय, एकदम गावरान. म्हटलं तुम्हाला आवड आहे." पिशवीत पपई होती. जरा मऊ पडलेली, चार घरं फिरून हळदी-कुंकवाच्या ब्लाउजपीसला येते तशी कळा आलेली. उलटी करून पाहिली तर देठापाशी, माझ्याच अक्षरात, क्रमांक १४.

मी म्हटलं, "वा! यंदा पपई बघायलाच मिळाली नव्हती."